रताळ्यांची पंगत

वर्षिणीला कीर्तन आवडायचं आणि कीर्तनानंतरच्या पंगतीची भीती वाटायची. सात वर्षांच्या मुलीच्या मनात या दोन्ही गोष्टी एकाच दारातून यायच्या. आषाढी एकादशीनंतर तिने ते दारच लावून घेतलं.

आषाढीला झालं होतं ते एवढंच. इथे कानडी मुलखात, नजरबादच्या मागच्या गल्लीत आमचं विठ्ठल मंदिर आहे. तिथे दर शुद्ध एकादशीला दुपारी शेषगिरीबुवांचं कीर्तन असतं. बुवा निरूपण मराठीत करतात, पण आख्यानाला आले की मुलांसाठी मधूनच कानडीत शिरतात. राजा मराठीत बोलतो, हत्ती कानडीत. वर्षिणी अगदी पुढे, पेटीवाल्याच्या शेजारी मांडी घालून बसायची आणि हत्ती आला की बुवांच्या आधी सोंड वर करायची. त्या दिवशीही केली. मग आरती झाली, बुक्का लागला, पानं मांडली गेली, आणि तिच्या पानावर साबुदाण्याची खिचडी पडली.

आमच्या पंगतीत पहिलं वाढप कोणी नाकारत नाही. वाढणारी ‘हरी’ म्हणून पानात घालते, ते देवानेच घातलं असं समजून खायचं. नंतर नको असेल तर खुशाल हात आडवा करा. आणि एकदा कुणाच्या नावाने उचललेलं परत भांड्यात टाकायचं नाही. हे सगळं सांभाळतात शांताक्का. सत्तरी उलटली तरी परात त्यांच्याच कमरेवर असते, आणि आवाज असा की झांजांच्या वरून ऐकू यावा.

“साबुदाणा माझ्याकडे बघतो,” वर्षिणी म्हणाली होती. शांताक्कांना ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि त्यांनी सोडून दिलं. “खा बाळ, हरीचं आहे,” म्हणत त्या समोर उभ्या राहिल्या. मुलीने एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला सगळं पानावर ओकली. शेजारच्या पानावरही थोडं गेलं.

“पोटात जंत असतील,” शांताक्का म्हणाल्या. “आईने औषध द्यायला नको?”

वर्षिणीची आई स्पंदना बेट्टदपुरची. माहेर कानडी. लग्नानंतर तिने मराठी शिकून घेतली ती सासूशी बोलता यावं म्हणून. त्या दिवशी मात्र ती मराठीत काहीच बोलली नाही. “साकु,” एवढंच म्हणाली, म्हणजे पुरे, आणि मुलीला उचलून पायऱ्या उतरून गेली. त्यानंतर दोघी आल्या नाहीत.

याचा घोर लागला तो वर्षिणीच्या आजीला, भानुमतीला. भानुमती लहान होती तेव्हा तिच्या वडिलांनी तिला कीर्तनात झोपू दिलं होतं, जागं राहा असं कधी म्हटलं नव्हतं, आणि झोपेतच कितीतरी कीर्तनं तिच्या अंगात मुरली होती. लहानपणी जे कानात पडतं ते म्हातारपणी हाताला धरून चालवतं, अशी तिची श्रद्धा. ज्या मुलीला आपणहून पुढे बसावंसं वाटतं, तिने एका खिचडीपायी कीर्तनाला मुकावं हे तिला सोसेना. दर एकादशीला पेटीशेजारची ती जागा रिकामी दिसे आणि तिचं निरूपणातलं लक्ष उडे.

ती मुलाकडे गेली तेव्हा तिच्या मनात काही योजना वगैरे नव्हती. रविकिरण आणि स्पंदना येलवालच्या बाजूला राहतात, हुणसूर रोडवर. शनिवारची संध्याकाळ होती. शेजारची मंजू तिच्या सात्विकला घेऊन जेवायला आली होती. टेबलावर उकडलेली रताळी होती, मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडलेली, आणि भोवती वाट्याच वाट्या. दही, ओलं खोबरं, डाळिंबाचे दाणे, काकडीचा कीस, शेंगदाण्याचं कूट, खोबऱ्याची हिरवी चटणी, किसलेला गूळ, तूप, रसबाळ्या केळ्यांचे काप. ताटं रिकामी.

“हे काय गं? मुलांनीच करायचं आणि मुलांनीच खायचं?” भानुमतीने विचारलं. “मग आईने काय करायचं?”

“आईने गप बसायचं, अत्ते,” स्पंदना म्हणाली. सासूला ती कानडीतच हाक मारते. “तेच सगळ्यात कष्टाचं.”

वर्षिणीने एक रताळं उचललं, त्यावर दही पसरलं, दह्यावर डाळिंबाचे दाणे एकेक करून ओळीत लावले, आणि कूटाची वाटी बोटाने लांब सरकवली. सात्विकने गूळ आणि हिरवी चटणी एकत्र घातली. मंजूने तोंड उघडलं, स्पंदनाने टेबलाखालून तिच्या पायावर पाय ठेवला. सात्विकने घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“राहू दे रे, दुसरं घे,” भानुमती म्हणाली.

“नको. मी केलंय,” सात्विक म्हणाला, आणि नाक पुसत पुसत सगळं संपवलं.

वर्षिणीने दोन रताळी खाल्ली. जिच्या पुढ्यात ताट आलं की घरात सगळ्यांचे चेहरे ताणले जात, ती मुलगी बोटं चाटत होती. भानुमतीने मग आपल्यासाठीही एक घेतलं, तूप आणि गूळ घालून. रताळं, खोबरं, दही, कूट, गूळ. खाता खाता तिच्या लक्षात आलं, यातलं एकूण एक उपासाला चालतं.

“स्पंदना,” ती भांडी घासायच्या कट्ट्याशी जाऊन म्हणाली, “कार्तिकीच्या फराळाचा मान यंदा आपल्या घराला आलाय. हे असंच तिथे मांडशील? मंजूला बोलाव, मुलांच्या शाळेतल्या आणखी कुणाला बोलवायचं तर बोलाव. कीर्तन ऐकतील, हे खातील.”

स्पंदनाने नळ बंद केला. “वर्षिणीला विचारते. ती आली तर येईन. पण तिच्या ताटात कोणी काही घालायचं नाही. कोणी म्हणजे कोणी नाही. शब्द देता का, अत्ते?”

“दिला,” भानुमती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला, सुब्बरावांना, घेऊन मंदिरात गेली. सुब्बरावांचं शिवणकामाचं दुकान आहे. बोलता बोलता समोरच्या माणसाच्या खांद्यांचं माप डोळ्यांनीच घेण्याची त्यांना सवय. ओसरीवर बुवा आणि शांताक्का फुलं निवडत बसले होते. भानुमतीने सगळं सांगितलं.

“ज्याने त्याने आपलं आपण घ्यायचं?” शांताक्कांनी फुलं बाजूला ठेवली. “मग आम्ही काय हात बांधून उभं राहायचं? रिसेप्शनचा बुफे आहे का हा? आणि मुलं चमचे चाटणार, तेच वाटीत घालणार. सगळं उष्टं! देवाच्या दारात!”

“प्रत्येक वाटीपाशी आमच्या घरचं माणूस राहील, अक्का. चमचा त्याच्या हातात. मुलाने नुसतं बोट दाखवायचं.”

“आणि नैवेद्य? देवाला कुठलं ताट दाखवणार? तुझं का माझं?”

“देवालाही वाट्या मांडू,” सुब्बराव म्हणाले. “त्याला हवं ते घेईल की.”

“कसा घेईल?” बुवा म्हणाले. “हात आहेत का मोकळे? आला तसा कमरेवर ठेवून उभा आहे.”

बुवा आणि सुब्बराव इतके हसले की आतून पुजाऱ्याने डोकावून पाहिलं. शांताक्का हसल्या नाहीत.

“हसा,” त्या म्हणाल्या. “तो स्वतः घेत नाही, म्हणून तर वाढणारा हात लागतो. उभा जन्म मी तेच करत आले. माझ्या हाताने कुणाच्या पानात पडलं नाही तर माझी एकादशी कसली?”

यावर हसणं थांबलं. भानुमतीला वाटलं, या बाईचं म्हणणंही खोटं नाही.

“अक्का म्हणतात त्यात तथ्य आहे,” बुवांनी घसा साफ केला. “आता कीर्तनाचंच घ्या. मी निरूपण एकच करतो, पण श्रोता जो आहे तो—”

“बुवा, दृष्टांत राहू दे. कीर्तनात सांगा,” शांताक्का म्हणाल्या. “हे बघ भानू. तुझी मुलं, तुझ्या वाट्या, काय हवं ते घालून घेऊ दे. पण रताळं मी वाढणार. पहिलं वाढप माझ्या हातचं, सगळ्यांना, आणि ते कोणी नको म्हणायचं नाही. हे कबूल असेल तर कर.”

रताळंच तर आहे, भानुमतीने विचार केला. वर्षिणीला आवडतं. शांताक्का घालतील, मूल खाईल, कुणाला कळणारही नाही.

“कबूल,” ती म्हणाली.

परतताना सुब्बराव कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, “भानू, तू एकच कापड दोन गिऱ्हाइकांना कापून दिलंस.”

“रताळंच तर आहे हो.”

“बरं.”

कार्तिकीच्या सकाळी पोतंभर रताळी आली. मोठ्या इडलीपात्रात घाण्यावर घाणे उकडायला लागले. स्पंदना आणि मंजू दुपारी आल्या, वाट्या मांडल्या, डाळिंबं सोलली. कोथिंबीर चालते की नाही यावर दोन म्हाताऱ्यांचं छोटंसं भांडण झालं. शेवटी कोथिंबीर पिशवीतच राहिली. शांताक्का आल्या, सगळीकडे नजर फिरवली, कूटाची चव न घेता नुसत्या वासावरून “थोडं जास्त भाजलंय,” म्हणाल्या, आणि नैवेद्याचं ताट स्वतः मांडलं: एक लालसर रताळं, त्यावर तूप, बाजूला गूळ. देवाला काय आवडतं हे त्यांना ठाऊक होतं, त्यात चर्चेला जागा नव्हती.

चार वाजता कीर्तन सुरू झालं. बऱ्याच दिवसांनी मंदिरात मुलांचा कलकलाट होता. मंजूच्या ओळखीची दोन-तीन कुटुंबं आली होती. कुणी कानडी, कुणी आमच्यातलीच, पण दुकानं आणि नोकऱ्यांच्या रगाड्यात मंदिराची वाट विसरलेली. वर्षिणी आली होती. पण ती पेटीशेजारी गेली नाही. मागे खांबाला टेकून आईच्या ओढणीत हात गुंडाळून बसली. पूर्वरंगभर तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे होती. दारात भानुमती उभी होती. दोघी एकमेकींकडेच बघत होत्या म्हणायचं.

बुवांनी आख्यान लावलं. एका गावाचं, जिथे देवळाची घंटा हरवली होती आणि ती शोधायला राजाने हत्ती सोडला होता. हत्ती कानडीत म्हणाला की मला घंटा सापडेल, पण मला कुणी बांधायचं नाही. मुलं हसली. वर्षिणीने खांब सोडला. हत्ती बाजारात शिरला, केळीवाल्याशी कानडीत घासाघीस केली, ती गुडघ्यावर थोडी पुढे सरकली. हत्ती नदीत उतरला, ती आणखी सरकली. भानुमतीच्या मागे तूप कढत होतं, त्याचा जळका वास येऊ लागला तरी तिला भान नव्हतं. बुवांनी चिपळ्या वाजवत हत्तीची सोंड वर केली तेव्हा पेटीवाल्याच्या शेजारून एक छोटा हात त्यांच्या आधी वर गेला होता.

भानुमतीने पदराने डोळे टिपले आणि मग धावत जाऊन तूप उतरवलं.

गजर झाला, आरती झाली. पानं मांडली. मुलं एका ओळीत, मोठी माणसं समोर. वाट्यांचं लांब टेबल भिंतीशी, त्यामागे स्पंदना, मंजू, रविकिरण चमचे घेऊन. ज्याचा मान असतो त्याने सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, तोवर पाणीसुद्धा नाही, तेव्हाच ती सेवा देवाला पोचते. भानुमती सकाळपासून तशीच होती. तीन वर्षांनी आलेला मान होता, आणि कार्तिकीचा. गेल्या खेपेला तिचे सासरे होते. आता घरातली मोठी बाई तीच.

शांताक्कांनी परात कमरेवर घेतली. “हरी,” पहिलं रताळं. “हरी,” दुसरं. मुलं गंमतीने त्यांच्या मागोमाग “हरी” म्हणायला लागली. सात्विक ओरडला, “अज्जी, मला दोन!” “आधी एक संपव, मग बोल,” शांताक्का म्हणाल्या, पण ओठाच्या कोपऱ्यात हसल्या.

मग वर्षिणीचं पान आलं. शांताक्कांनी परातीतून रताळं उचललं. “हरी.”

वर्षिणीने दोन्ही हात पानावर पसरून ठेवले.

ती रडत नव्हती, हट्टाचा चेहराही नव्हता. नुसती मान खाली आणि बोटं फाकलेली, अशी दाबून की केळीचं पान मधोमध तडकलं.

“हात काढ बाळ,” शांताक्का म्हणाल्या. “पहिलं आहे. रताळंच आहे.”

हात निघाले नाहीत. ओळीतली मुलं वाकून बघायला लागली. डाळिंबाच्या वाटीमागे स्पंदना चमचा धरून उभी होती. ती पुढे आली नाही. तिने फक्त सासूकडे पाहिलं.

रताळंच तर आहे. इतके दिवस भानुमती हे स्वतःला सांगत होती. शांताक्कांनीही आता तेच म्हटलं होतं. आणि त्यांच्या तोंडून ऐकल्यावर तिला कळलं की रताळ्याचा यात काही संबंधच नव्हता. मुलीला रताळं आवडत होतं. तिला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

ती दोघींच्या मधे येऊन उभी राहिली. “अक्का, थांबा. हिच्या पानात कोणी काही घालणार नाही असा मी हिच्या आईला शब्द दिलाय. आणि तुम्हालाही कबूल म्हटलं. दोन्हीकडे हो म्हणून बसले. चूक माझी आहे, पोरीची नाही.”

शांताक्कांच्या हातातलं रताळं गरम होतं, वाफ दिसत होती. “मग आता याचं काय करू? हिच्या नावाने उचललंय. परातीत टाकू परत?”

भानुमतीने पदराला हात पुसले.

“मला द्या,” भानुमती म्हणाली.

“तुला? आज तुझा मान आहे. तू शेवटी.”

“माहीत आहे.”

“भानू.” शांताक्कांचा आवाज खाली आला. भानुमतीने तो इतका खाली आलेला कधी ऐकला नव्हता. “तीन वर्षांनी आलाय तो. तू आता खाल्लंस तर गेलं सगळं.”

“द्या हो. हात भाजतोय तुमचा.”

तिने ओंजळ पुढे केली. पहिलं वाढप हातात घेऊन कोणी उभं राहत नाही, म्हणून ती नातीच्या शेजारी चटईवर बसली आणि सालासकट एक घास तोडला. समोरच्या ओळीत सुब्बरावांनी चष्मा काढला आणि तो धोतराच्या टोकाने पुसत राहिले. भानुमतीने मूर्तीकडे पाहिलं नाही. घशात कोरडं रताळं अडकत होतं, सबंध दिवसाचा उपास होता, आणि सेवा खंडली होती. तिने हळूहळू चावलं.

वर्षिणी आजीकडे बघत होती. पानावरचे हात तिने केव्हा उचलले ते तिलाही कळलं नसावं.

“अज्जी, नुसतंच खातेस? वर काही नको?”

“हवं की,” भानुमती म्हणाली. “पण मला कोणी विचारलं कुठे?”

वर्षिणी उठली. आजीच्या हातातलं उरलेलं रताळं तिने आपल्या तडकलेल्या पानावर घेतलं, दोन्ही हातांनी तोलत टेबलापाशी गेली. तिथून तिने मोठ्याने विचारलं, “दही घालू?”

“घाल.”

“चटणी? खार आहे हां.” खार म्हणजे तिखट, घरात तिला तेवढाच शब्द ठाऊक.

“थोडी.”

“कूट मी नाही घालणार. मला नाही आवडत.”

“अगं, पण मला आवडतं!”

वर्षिणीने थोडा विचार केला. “बरं. अप्पा, अज्जीला कूट,” ती रविकिरणला म्हणाली.

कुणीतरी हसलं, मग सगळेच. वर्षिणी पान घेऊन आली, ते आजीपुढे ठेवलं, आणि क्षणभर थांबून, बाकीची मुलं म्हणत होती तसं, “हरी” म्हणाली. आजीने हात जोडले आणि खाल्लं.

मग मुलगी स्वतःच शांताक्कांपुढे जाऊन उभी राहिली. परातीत डोकावली. “ते छोटं. कोपऱ्यातलं.”

शांताक्कांनी ते छोटं उचललं. पान नव्हतं म्हणून मुलीने तळहात पुढे केले. शांताक्कांनी रताळं ठेवलं, आणि ‘हरी’ म्हणाल्या ते फारच हळू.

त्यानंतर पंगतीला काही धरबंध राहिला नाही. मुलं उठत होती, वाट्यांपाशी बोटं दाखवत होती, “हे नको, ते, ते पण नको, त्याच्या पलीकडचं”. सात्विकने यावेळी गुळावर डाळिंब घातलं आणि बरं लागतं असं सगळ्यांना जाऊन सांगितलं. मोठी माणसंही मग पानं घेऊन टेबलाकडे आली. एका आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा रताळ्यावर दही घातलं आणि बायकोने घरी कधी असं का केलं नाही म्हणून तिच्याकडे रागाने पाहिलं. शांताक्का ओळीत पुढे पुढे वाढत होत्या. भानुमतीच्या लक्षात आलं, प्रत्येक मुलापुढे त्यांचा हात पानाच्या वर किंचित थांबतो आहे. त्या विचारत नव्हत्या. नुसत्या थांबत होत्या.

दिवेलागण झाली. मंडळी पांगू लागली. वर्षिणी बुवांपाशी बसून हत्तीला घंटा मिळाल्यावर राजाने त्याला परत बांधलं का, हे विचारत होती. भानुमती स्वयंपाकघरातल्या नळावर इडलीपात्र घासत होती. मनात बरं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे तिला माहीत होतं. पण सासऱ्यांचा मान आपल्या हातून पुरा झाला नाही, ही बोच काही जात नव्हती.

शांताक्का आत आल्या. परातीत शेवटची तीन-चार रताळी होती.

“तुमच्या घरातलं जेवायचं कोण राहिलंय?”

“कोणी नाही. हे बसले होते पंगतीत, रविकिरणही जेवला.” मग भानुमतीने मागे पाहिलं. स्पंदना टेबलावरच्या वाट्या गोळा करत होती. “स्पंदना, तू खाल्लंस?”

“कुठे वेळ होता, अत्ते.”

“मग झालं,” शांताक्का म्हणाल्या. “मान घराला असतो, भानू, तुझ्या एकटीला नाही. घरातलं एक माणूस शेवटपर्यंत उपाशी राहिलं की पुरे.”

असा नियम होता, की शांताक्कांनी आत्ता, दारातून आत येईपर्यंत केला, भानुमतीला कळलं नाही. दारात बुवा उभे होते. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, शांताक्कांकडे पाहिलं, आणि मिटलं.

“पण मी उपास केला नाही,” स्पंदना म्हणाली. “सकाळी दोसा खाऊन आले.”

शांताक्कांनी डोळे मिटले. “दोसा.”

“दोन.”

नळाचं पाणी वाहत होतं. शांताक्कांनी परात दुसऱ्या कमरेवर घेतली. “सकाळचं सकाळी,” त्या शेवटी म्हणाल्या. “कीर्तन सुरू झाल्यापासून काही तोंडात घातलंस? डाळिंबाचा दाणा तरी?”

“नाही.”

“मग बस.”

स्पंदनाने सासूकडे पाहिलं. भानुमती इडलीपात्र घासत राहिली. एकदा दोन्हीकडे बोलून झालं होतं. आता हिचं हिने ठरवायचं होतं. स्पंदनाने ओढणी खोचली, एक पान घेतलं आणि स्वयंपाकघरातच भिंतीशी बसली. शांताक्का तिच्यापुढे वाकल्या. रताळं उचललं. हात पानाच्या वर थांबला, आणि यावेळी नुसता थांबला नाही.

“घालू?” त्यांनी विचारलं. तो शब्द त्यांच्या तोंडाला इतका नवा होता की त्यांनाच अवघडल्यासारखं झालं.

स्पंदनाने पान पुढे सरकवलं. “छोटं घाला, अक्का.”

शांताक्कांनी परातीतलं सगळ्यात मोठं घातलं. “हरी.”

स्पंदना त्या रताळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पुढच्या वेळी मी आधी बोट दाखवते, मग तुम्ही उचला.”

भानुमतीने नळ बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून.

“पुढच्या वेळी,” शांताक्का म्हणत होत्या, “आधी दोसा न खाता ये.”

आणि स्पंदना, तोंडात घास असतानाच, मोठ्याने हसली.